यंत्राच्या पोटातला माणूस

सन १७७० मध्ये व्हिएन्नाच्या दरबारात वुल्फगांग फॉन केम्पेलेन याने एक नवल मांडले. मोठ्या पेटीमागे तुर्की पोशाखातील लाकडी पुतळा आणि पेटीवर बुद्धिबळाचा पट. पुतळा हात उचलून मोहरी हलवी आणि भल्याभल्यांवर मात करी. आधी पेटीची दारे उघडून आतील चक्रे प्रेक्षकांना दाखविली जात. १८०९ मध्ये खुद्द नेपोलियन त्याच्यापुढे बसला आणि हरला. आत अर्थातच एक निष्णात खेळाडू अंग चोरून बसलेला असे! हा ‘तुर्क’ पुढे अमेरिकेत गेला आणि १८५४ मध्ये फिलाडेल्फियातील आगीत जळाला.

त्याच फिलाडेल्फियात फेब्रुवारी १९९६ मध्ये जगज्जेता गॅरी कास्पारोव्ह आय. बी. एम. कंपनीच्या ‘डीप ब्लू’ या संगणकापुढे बसला. पहिला डाव यंत्राने घेतला, तरी सहा डावांचा सामना कास्पारोव्हने ४–२ असा जिंकला. पुढच्या वर्षी मे महिन्यात न्यूयॉर्कमध्ये दोघांची पुन्हा गाठ पडली. सुधारलेले यंत्र आता सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपाशीत होते. डावाचे मर्म त्याला उमगत होते, असे मात्र नव्हे. खेळी आणि प्रतिखेळी यांच्या असंख्य फांद्या चाळून, प्रत्येकीच्या टोकाशी नफातोट्याची गोळाबेरीज करून, ते त्यातल्या त्यात किफायतीची वाट धरी. थोडक्यात, तो एक अफाट वेगाचा हिशेबनीस होता.

पहिला डाव कास्पारोव्हने जिंकला. त्यात शेवटी शेवटी, ४४ व्या खेळीला, यंत्राने हत्ती निष्कारण हलविला. खेळाडूच्या गोटात त्या खेळीचा अर्थ खोल दूरदृष्टी असा लावला गेला, म्हणतात. वस्तुतः तो आज्ञावलीतील दोष होता, असे यंत्राच्या निर्मात्यांपैकी मरे कॅम्पबेल यांनी पुढे सांगितले.

खरे नाट्य घडले ते दुसऱ्या डावात. यंत्रे हावरी असतात, समोर प्यादे दिसले की उचलतात, हा तोवरचा अनुभव. येथे वजिराने आत घुसून प्यादी टिपण्याची संधी असताना यंत्राने ती सोडली आणि शांतपणे प्रतिपक्षाच्या वाटा बुजविल्या. असा संयम एखाद्या मुरलेल्या उस्तादाला शोभावा! कास्पारोव्ह हबकला आणि ४५ व्या खेळीनंतर त्याने डाव सोडून दिला. दुसऱ्या दिवशी सहकाऱ्यांनी त्याला सांगितले, की शहावर शह देत तो डाव बरोबरीत सोडविता आला असता. पटावर जी वाट होती ती जगज्जेत्याने शोधलीच नाही. इतके पुढचे पाहणारे यंत्र अशी फट ठेवणार नाही, असे त्याने गृहीत धरले होते.

मग संशय बळावला. यंत्राआड कोणी माणूस तर नाही? कास्पारोव्हने १९८६ च्या विश्वचषकातील मॅराडोनाच्या हाताने झालेल्या गोलाचा दाखला दिला आणि यंत्राच्या विचारप्रक्रियेच्या नोंदी मागितल्या. पुढचे तीन डाव बरोबरीत सुटले. ११ मे रोजी सहाव्या डावात त्याच्या एका चुकीच्या खेळीवर यंत्राने घोडा अर्पण केला आणि अवघ्या १९ खेळींत डाव संपला. यंत्राचा विजय ३½–२½ असा झाला. तो घोड्याचा बळी संगणकाची प्रतिभा नव्हे. माणसांनीच तो आरंभखेळांच्या संग्रहात आधी भरून ठेवला होता.

कंपनीने परतीचा सामना दिला नाही. यंत्र निवृत्त केले. नोंदी पुढे प्रसिद्ध झाल्या; लपलेला माणूस काही सापडला नाही. उघड माणसे मात्र होतीच: रचनाकार फेंग-शियुंग सू, कॅम्पबेल आणि जो होन, शिवाय जोएल बेंजामिन यांच्यासारखे बुद्धिबळपटू. २०१७ च्या आपल्या पुस्तकात कास्पारोव्हने जुन्या आरोपांचा नव्याने विचार केला.

२००६ मध्ये बॉन येथे जगज्जेता क्रामनिक ‘डीप फ्रिट्झ’कडून हरला, एका डावात तर एकाच खेळीतील मात त्याच्या नजरेतून सुटली! पुढे अशा सामन्यांत अर्थ उरला नाही. सामान्य खेळाडूच्या खिशातील दूरध्वनीसुद्धा आता जगज्जेत्याला भारी पडतो. म्हणून मोठ्या स्पर्धांच्या दाराशी धातुशोधक यंत्र घेऊन पंच उभे असतात आणि खेळाडूंचे खिसे तपाशीत असतात.