डिप्रेशनची गोळी, शीघ्रपतन आणि मेंदूतला ब्रेक

आजचा भाग शक्यतो हेडफोन लावून ऐका. विषय शीघ्रपतनाचा आहे, आणि हॉलमध्ये स्पीकरवर लागला तर घरच्यांना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा.

एका श्रोत्याचा मेल आलाय. डॉक्टरांनी त्याला पॅरोक्सेटिन लिहून दिलं. त्याने नाव सर्च केलं, तर ‘डिप्रेशनची गोळी’ असं आलं. तो म्हणतो, “मला डिप्रेशन नाही. डॉक्टरांना मी वेडा वाटलो का?” गोळ्या ड्रॉवरमध्ये पडून आहेत, लग्न दोन महिन्यांवर आलंय, आणि मित्राने मेडिकलमधून भलतंच पाकीट आणून दिलंय.

मी इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही. पण सिस्टीम कशी चालते ते वाचून समजून घेता येतं.

वीर्यपतन हा रिफ्लेक्स आहे. त्याचं सर्किट कमरेजवळच्या मज्जारज्जूत असतं. २००२ मध्ये नर उंदरांवर एक प्रयोग झाला. तिथल्या ठराविक पेशी नष्ट केल्यावर बाकी समागम नेहमीसारखा चालला, फक्त वीर्यपतन थांबलं. म्हणजे बटण खाली आहे. मेंदू वरून त्याला ब्रेक लावतो, आणि त्या ब्रेकमधलं एक महत्त्वाचं रसायन म्हणजे सेरोटोनिन.

एक पेशी सेरोटोनिन सोडते, पुढची ते ओळखते, आणि मग पहिली उरलेलं परत ओढून घेते. पॅरोक्सेटिन हे परत ओढणं अडवतं. मग पहिल्याच दिवशी ब्रेक लागायला हवा ना? तसं होत नाही, आणि मला हाच भाग सगळ्यात भारी वाटतो. सेरोटोनिन सोडणाऱ्या पेशीवरच एक सेन्सर असतो. बाहेर साठा वाढला की तो म्हणतो, पुरे, उत्पादन कमी करा. अगदी आपल्या सर्व्हरवरच्या रेट लिमिटसारखं! गोळी रोज घेत राहिलं की हा सेन्सर हळूहळू बोथट होतो, आणि मग सेरोटोनिन खरंच वाढतं. म्हणून फरक दिसायला साधारण आठवडा ते दहा दिवस जातात, पूर्ण परिणामाला दोन-तीन आठवडे. दोन गोळ्या घेऊन “काही होत नाही” म्हणणाऱ्यांनी हे ऐकावं.

हा उपयोग सापडला तो साइड इफेक्टमधून. डिप्रेशनच्या पेशंटना वीर्यपतनाला उशीर होतोय अशी तक्रार यायची. नेदरलँड्सच्या मार्सेल वाल्डिंगर यांनी १९९४ मध्ये शीघ्रपतनासाठी पॅरोक्सेटिनची रीतसर चाचणी प्रसिद्ध केली. म्हणजे भावा, डॉक्टरांनी तुला वेडा ठरवलेलं नाही. मात्र शीघ्रपतन असलेल्या पुरुषांत सेरोटोनिन मुळातच कमी असतं, हा अजून अंदाज आहे, सिद्ध झालेलं नाही.

आता मित्राचं पाकीट. ते बहुतेक डॅपोक्सेटिन असणार. हे त्याच कुटुंबातलं, पण लवकर चढणारं आणि लवकर उतरणारं, संबंधाच्या एक ते तीन तास आधी घ्यायचं. २००९ मध्ये स्वीडन आणि फिनलंडमध्ये पहिल्यांदा मंजूर झालं, अमेरिकेत अजून नाही. आपल्याकडे ते सिल्डेनाफिलबरोबर एकाच गोळीतही मिळतं. मळमळ, गरगरणं, क्वचित चक्क चक्कर येऊन पडणं असे त्याचे त्रास आहेत. पॅरोक्सेटिन चालू असताना हे अजिबात घ्यायचं नाही! दुखण्यावरच्या ट्रॅमाडॉलबरोबरही नाही. सेरोटोनिन प्रमाणाबाहेर वाढलं की थरथर, ताप, गोंधळलेपणा येतो, जिवावरही बेतू शकतं.

आणि पॅरोक्सेटिन सुरू केलंस तर मनाने एकदम बंद करू नकोस, चक्कर आणि अस्वस्थपणाचा त्रास होतो. डोस हळूहळू उतरवावा लागतो.

जाता जाता एक आकडा. पाच देशांतल्या जोडप्यांनी स्टॉपवॉच लावून वेळ मोजली होती. २००५ मध्ये निकाल आला, मध्यक ५.४ मिनिटं. ‘अर्धा तास’ वगैरे भिंतीवरच्या जाहिरातींतच असतं. जन्मापासूनच्या शीघ्रपतनाची व्याख्या आहे साधारण एक मिनिटाच्या आत, तेही जवळजवळ दर वेळी, आणि त्याचा मनाला त्रास होत असेल तर.

तर भावा, ते पाकीट आणि ड्रॉवरमधल्या गोळ्या, दोन्ही घेऊन डॉक्टरांकडे जा. होणारी बायको यायला तयार असेल, तर तिलाही ने.