जुना प्रोजेक्टर, नवा लॅपटॉप

नांदेडची शाळा असो की लातूरचा शिकवणीवर्ग, जुन्या प्रोजेक्टरला नवा लॅपटॉप जोडताना घोडं अडतं ते केबलपाशी. निळ्या तोंडाची, दोन्ही बाजूंनी स्क्रू आवळायची, तीन ओळींत १५ पिनांची ती व्हीजीए. आयबीएमने १९८७ साली आणलेली. तिच्यातून फक्त चित्र जातं, तेही ॲनालॉग. म्हणून केबल फार लांबली की अक्षरं पुसट होतात. निळा रंग नेणारी पिन वाकली, तर पांढरा पडदा चक्क पिवळा दिसतो! आवाजाची वायर वेगळीच लावावी लागते.

२००२ साली आलेल्या एचडीएमआयमधून चित्र आणि आवाज दोन्ही डिजिटल रूपात जातात. डिस्प्लेपोर्टचंही तसंच, पण घरच्या टीव्हीला ते सहसा नसतं.

आता महत्त्वाचं. लॅपटॉपला एचडीएमआय आणि प्रोजेक्टरला व्हीजीए असेल, तर आत चिप असलेला कन्व्हर्टरच घ्या. तो बहुधा एकाच दिशेने चालतो. म्हणून लॅपटॉपला कोणतं टोक लागणार, हे दुकानदाराला स्पष्ट सांगा. दोन्ही तोंडांचा मोबाइलवर फोटो काढून नेलात, तर दुसरा हेलपाटा पडणार नाही.