मोरोक्कोत आठ दिवस



कामगार चळवळीत हयात घालवलेल्या माणसाने वेतनाचा प्रश्न बाजूला ठेवून प्रवासाची हकीकत सांगावी, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. आमचे शिक्षण झाले ते कारखान्याच्या फाटकावर आणि सार्वजनिक वाचनालयात. पदवी पदरात पडली नाही. पण कोणतीही सुंदर वस्तू दिसली की ‘ही कोणी केली, आणि त्याला काय मिळाले?’ असे विचारण्याची खोड मात्र जडली. तीच खोड बरोबर घेऊन आम्ही मोरोक्कोला गेलो.

हा देश आपल्याला अगदीच परका नाही. चौदाव्या शतकात तेथील टँजिअर शहराचा इब्न बतूता हिंदुस्थानात आला, दिल्लीत महंमद तुघलकाच्या पदरी काझी झाला आणि पुढे दौलताबादेसही येऊन गेला. येथील मराठ्यांविषयी त्याने लिहून ठेवले आहे. त्या भेटीची परतफेड करायला आम्हांला साडेसहाशेहून अधिक वर्षे लागली, एवढेच! आमची सहल आठ दिवसांची, मार्गदर्शकासह आखलेली : फेझ, माराकेश, ॲटलासचा घाट आणि शेवटी कासाब्लांका.

फेझचे जुने शहर सुमारे बाराशे वर्षांचे. १९८१ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. बोळ इतके अरुंद की मोटार आत येऊच शकत नाही. माल वाहतात गाढवे आणि खेचरे. मागून ‘बालाक, बालाक’ अशी हाक आली की भिंतीला चिकटून उभे राहावे. जुन्या वस्तीची रीत अशी की मोहल्ल्यात मशीद, पाण्याचा हौद आणि हमामखाना जसा असतो, तशी सामाईक भट्टीही असते. घरी कणीक मळायची, फळीवर ठेवून भट्टीवर पाठवायची आणि भाजलेली भाकरी परत आणायची. कोणाची भाकरी कोणती, हे भट्टीवाला नेमके ओळखतो. सहकाराचे व्याख्यान न ऐकताच या लोकांनी सरपण वाचवले!

याच शहरात चामडे कमावण्याचे प्रसिद्ध हौद आहेत. आपल्याकडे जुन्या ग्रंथांच्या बांधणीसाठी ‘मोरोक्को लेदर’ नावाजलेले, ते बकऱ्याचे चामडे याच देशाच्या नावाने ओळखले जाते. प्रवाशांना वरच्या सज्जात उभे करतात आणि दर्प सुसह्य व्हावा म्हणून हातात पुदिन्याची काडी देतात. खाली चुन्याचे आणि कबुतरांच्या विष्ठेचे हौद, पलीकडे रंगांचे. आणि त्यांत मांड्यांपर्यंत उतरून कातडी तुडवणारी माणसे. एके काळच्या धारावीतील चामड्याच्या कारखान्यांवरून जे गेले आहेत, त्यांना तो वास सांगायला नको. आमच्या शेजारचे एक गृहस्थ उद्गारले, “काय हे रंग! हे असेच राहिले पाहिजे.” आम्ही मनात म्हटले, पुदिना सज्जात मिळतो, हौदात मिळत नाही. ‘असेच राहिले पाहिजे’ हे ठरवण्याचा पहिला अधिकार हौदात उभ्या असलेल्याचा आहे.

तेथून मार्गदर्शकाने आम्हांला गालिच्यांच्या दुकानात नेले. सोबत्यांनी ओळखले की त्याला दलाली मिळणार, आणि त्याला लबाड ठरवून ते मोकळे झाले. आमचे मत निराळे पडले. ज्याच्या रोजीत घर चालत नाही, तो दलाली घेणारच. दोष माणसाचा कमी आणि वेतनाच्या पद्धतीचा अधिक. मग घासाघीस सुरू झाली. वाटाघाटी हा आमचा जन्माचा धंदा. पण तेथे एक गोष्ट बोचली. दुकानदार होता, गिऱ्हाईक होते, दलाल होता. ॲटलासच्या एखाद्या खेड्यात महिनोन् महिने मागावर बसून ज्या बाईने तो गालिचा विणला, ती मात्र त्या वाटाघाटीत कोठेच नव्हती. आपण पाडलेला भाव अखेर तिच्याच पदरात उतरतो.

माराकेशला जमा अल-फना नावाचे मोठे मैदान आहे. संध्याकाळी तेथे कथेकरी, गवई आणि खाद्यपदार्थांच्या गाड्या यांची जत्रा भरते. पण आमच्या लक्षात राहिली ती तांजिया. हे मातीच्या उभट भांड्याचे नाव आणि त्यात शिजणाऱ्या पदार्थाचेही. मांस, लसूण, जिरे, केशर आणि खारवलेले लिंबू भांड्यात भरायचे, तोंड कागदाने बांधायचे आणि हमामखान्याच्या भट्टीवाल्याकडे द्यायचे. तो ते गरम राखेत पुरून ठेवतो. कित्येक तासांनी मांस लोण्यासारखे होते. हे कारागिरांचे आणि एकट्या राहणाऱ्या पुरुषांचे जेवण मानतात. आंघोळीचे पाणी तापवणाऱ्या आगीवरच जेवणही शिजते. गरिबाच्या अकलेला आम्ही तेथे मनोमन नमस्कार केला.

माराकेशहून निघून २,२६० मीटर उंचीच्या तिश्काच्या घाटाने आम्ही ॲटलास ओलांडला. तांबड्या मातीची घरे, पायऱ्यापायऱ्यांची शेते, आणि पाटाचे पाणी पाळीपाळीने वाटून घेणारी गावे. मोठे देखणे चित्र! पण ८ सप्टेंबर २०२३ च्या रात्री याच पर्वतात भूकंप झाला आणि जवळजवळ तीन हजार माणसे गेली. दगडमातीच्या घरांनी त्यांना गाडले. ज्यांनी ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट पाहिली आहे, त्यांना अधिक काय सांगावे? प्रवाशाला देखणी दिसणारी भिंत आत राहणाऱ्याला सुरक्षितही असली पाहिजे.

शेवटी कासाब्लांका. समुद्रकाठची, १९९३ साली पूर्ण झालेली दुसऱ्या हसनची मशीद सर्वांना दाखवतात, आणि ती पाहावी अशीच आहे. तिचा मिनार सुमारे २०० मीटर उंच. आम्ही मात्र दुपारची सवड काढून हय मोहम्मदी या जुन्या मजूरवस्तीत गेलो. ५ डिसेंबर १९५२ रोजी ट्युनिशियाचे कामगार नेते फरहात हशाद यांची ट्युनिसजवळ हत्या झाली. माणूस दुसऱ्या देशाचा; पण कासाब्लांकाच्या कामगारांनी संप पुकारला. ७ आणि ८ डिसेंबरला या वस्तीत फ्रेंच राजवटीच्या गोळ्यांनी माणसे पडली, शेकडो तुरुंगात गेले. त्यातूनच २० मार्च १९५५ रोजी मोरोक्कोच्या कामगारांची स्वतःची मध्यवर्ती संघटना उभी राहिली, आणि पुढच्याच मार्च महिन्यात देश स्वतंत्र झाला. त्या रस्त्यावर छायाचित्र काढण्याजोगे काही नव्हते. आम्ही थोडा वेळ उभे राहिलो, टपरीवर पुदिन्याचा चहा घेतला आणि परतलो.

कोणी विचारील, मग जुने हस्तव्यवसाय मोडून टाकायचे काय? मुळीच नाही. फेझच्या कारागिराचे कसब यंत्राला साधणार नाही. आमचे म्हणणे एवढेच की कसब जपावे, हालअपेष्टा जपू नयेत. हौदात उतरणाऱ्याला पायांत चांगले बूट, आजारात औषध आणि म्हातारपणी निर्वाह मिळाला, तर चामड्याचा रंग फिका पडत नाही.

आता उन्हाळ्याच्या सुट्या लागतील. आपण महाबळेश्वरला जा की मोरोक्कोला; डोळे भरून पाहा, पोटभर खा, आणि ज्याने ते घडवले त्याच्याशी दोन शब्द बोला. भाव करताना मागावरची ती बाई समोर बसली आहे असे समजा.