फवारणीच्या पाण्यातील विष तोडणारे विकर



फवारणी संपली की तुम्ही पंप कुठे धुता? विहिरीच्या काठावर, ओढ्यात, नाहीतर बांधालगतच्या नालीत. हे उत्तर मला आता पाठ झाले आहे. पंपाच्या तळाशी उरलेल्या वाटीभर औषधाचे पुढे काय होते? (औषध म्हणायचे ते सवयीने, आहे ते विषच.) आज त्या पाण्याविषयी आणि त्यातील विष तोडणाऱ्या एका जिवाणूविषयी बोलायचे आहे.

ही गोष्ट फिलिपाइन्समधील भातखाचरांची. तेथे आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत तपकिरी तुडतुड्यांसाठी खाचरात डायझिनॉन टाकीत. सुरुवातीला गुण येई, पण त्याच खाचरात पुन्हा पुन्हा टाकले की ते लागू पडेना. अशा वेळी आपण दुकानदाराला बोल लावतो, किंवा कीड दाद देत नाही म्हणतो. येथे कारण वेगळेच निघाले. खाचराच्या पाण्यातील जिवाणूच औषध फस्त करीत होते! सेतुनाथन आणि योशिदा या शास्त्रज्ञांनी त्यांतील एक जिवाणू वेगळा काढून १९७३ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. डायझिनॉनप्रमाणेच पॅराथिऑनही तो तोडत होता.

हे काम त्याच्या अंगातील एक विकर, म्हणजे एन्झाईम, करते. डायझिनॉन, क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस ही सारी ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके. किडीच्या, आणि तुमच्या-आमच्याही, मज्जातंतूंचे काम चालवणारे एक विकर ती बंद पाडतात. जिवाणूचे विकर मात्र कीटकनाशकातील फॉस्फरसचा नेमका एक बंध तोडते आणि त्याचा मज्जातंतूंवरील मारा जवळजवळ संपतो. म्हणून ते पाणी पिण्याजोगे झाले असे नव्हे. पॅराथिऑन तुटल्यावर पिवळे नायट्रोफिनॉल उरते, तेही घातकच.

मूळ जिवाणूकडून हे विकर थोडेच मिळते. म्हणून १९८० नंतरच्या दशकात शास्त्रज्ञांनी या विकराचे जनुक काढून ई. कोलाय या आतड्यात राहणाऱ्या जिवाणूत बसवले. जनुक म्हणजे विकर कसे बनवायचे याची लेखी कृतीच समजा. एका सुगरणीची कृती दुसरीच्या हाती द्यावी, तसे हे. ई. कोलाय चांगले खाद्य मिळाले तर सुमारे वीस मिनिटांत दुप्पट होतो. त्यामुळे टाकीत वाढवून विकर भरपूर काढता येते. क्लोरपायरीफॉसवर मूळ विकर फार मंद चाले. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठात जनुकात बदल करून हा वेग शेकडो पटींनी वाढवला गेला.

ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ या संस्थेला तेथील मातीतल्या जिवाणूत असेच विकर सापडले. त्यापासून केलेले उत्पादन कपाशीच्या शेतातून वाहून येणाऱ्या पाण्यावर आणि मेंढ्या बुचकळण्याच्या औषधी पाण्यावर तपासले गेले. यात पाण्यात मिसळायचे ते तयार विकर, बदललेला जिवंत जिवाणू शेतात सोडायचा नाही. मला हा मार्ग अधिक पसंत आहे.

'साहेब, याची बाटली कुठे मिळेल?' असे कोणीतरी विचारणारच. आपल्या कृषी सेवा केंद्रात मिळणारी ही वस्तू नव्हे. शिवाय हे विकर सिंथेटिक पायरेथ्रॉइडवर किंवा इमिडाक्लोप्रिडवर चालत नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ते विष अंगावाटे आणि श्वासावाटे गेले होते. पाणी शुद्ध करणारे कोणतेही विकर तेथे कामी आले नसते. तेथे हातमोजे, तोंडावर मास्क, अंगभर कपडे आणि वाऱ्याची दिशा पाहून चालणे हेच उपयोगी.

तोवर एवढे करा. औषधाची बाटली रिकामी झाली की ती लगेच तीनदा विसळा आणि ते पाणी पंपातच ओता. पंप धुतलेले पाणी त्याच पिकावर फवारून संपवा. रिकाम्या बाटलीला भोक पाडा, म्हणजे घरात कोणी तिच्यात तेल भरणार नाही.