ओहोटीची भेट



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. जपानी चित्रांतल्या शिंपल्यांवर बोलायला उभी राहिले आहे, तरी चुकलेमाकले सांभाळून घ्या.

दिवाळीत भाच्याने चित्रांचे एक पुस्तक दाखवले. मूळ पुस्तक सुमारे १७८९ साली एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, त्सुताया जुझाबुरो यांनी काढले. चित्रे उतामारोची. नावाचा अर्थ ‘ओहोटीची भेट’. पहिल्या चित्रात शिनागावाच्या किनाऱ्यावर माणसे शिंपले वेचताहेत. पुढच्या पानांवर छत्तीस प्रकारचे शिंपले, आणि प्रत्येकावर एक विनोदी कविता!

ही चित्रे लाकडी ठशांची. चित्रकाराने रेखाटायचे, दुसऱ्याने ते लाकडावर कोरायचे आणि तिसऱ्याने छापायचे. दर रंगाला ठसा निराळा, कागद मात्र तोच. ठसा केसभर सरकला की चित्र बिघडले! शिंपल्याची चमक यावी म्हणून अभ्रकाची पूडसुद्धा वापरली आहे.

शेवटच्या चित्रात बायका शिंपल्यांच्या जोड्या जुळवण्याचा खेळ खेळताहेत. आपल्या तिसऱ्यांसारख्या शिंपल्याची एक शिंप फक्त तिच्याच जोडीच्या शिंपेशी जुळते, दुसरीशी नाही. म्हणून तो नवराबायकोच्या जोडीचे प्रतीक झाला. बड्या घरच्या नवरीबरोबर अशा ३६० जोड्या रंगीत पेट्यांतून सासरी जात.

हे वाचले आणि माझ्या डोळ्यांत पाणी आले. माझे माहेर रत्नागिरीकडचे. मीही डबाभर शिंपले जमवले होते. लग्नात घरची मोठी माणसे म्हणाली, “सासरी हा कचरा कशाला?” मी गप्प बसले. डबा माहेरीच राहिला, आणि पुढे कुठे गेला कोण जाणे.

गेल्या वैशाखात माझ्या मुलीचे लग्न झाले. तिच्या चित्रांच्या वह्या मी रद्दीत बांधून ठेवल्या होत्या. माझ्याही तोंडून तेच शब्द निघाले होते! पुस्तक पाहिल्यावर गाठोडे सोडले आणि भाऊबीजेला आली तेव्हा वह्या तिच्या हाती दिल्या. ती काही बोलली नाही, नुसती गळ्यात पडली.

भगिनींनो, मुलीच्या सामानात भांडी-लुगडी आपण मोजून भरतो. तिच्या आवडीची एखादी वस्तूही त्यात असू द्या.