वाळूवर धावणारी बग्गी



बग्गी म्हटलं की आपल्याला वरातीतली, घोडे जुंपलेली गाडी आठवते. इंग्रजीतली बग्गीही मुळात तीच, हलकी आणि उघडी. पुढे मोटारी आल्या. कॅलिफोर्नियात पिस्मोच्या किनाऱ्यावर हौशी मंडळी जुन्या मोटारींचे दरवाजे, मडगार्ड, टप उतरवून त्या वाळूच्या टेकड्यांवर पिटाळू लागली आणि त्या सांगाड्यांनाही हेच नाव चिकटलं. अमेरिकेत ‘ड्यून बग्गी’, इंग्लंडात ‘बीच बग्गी’. फोक्सवॅगनच्या बीटल मोटारीला अमेरिकेत लाडानं ‘बग’, म्हणजे किडा म्हणत. तिच्यावरच पुढे बग्ग्या बनू लागल्या, त्यामुळे नाव तिथून आलं असं पुष्कळांना वाटतं. पण घोड्याची बग्गी बीटलच्या दीडशे वर्षं आधीपासून रस्त्यावर होती.

या गाडीला खरं रूप दिलं ब्रूस मायर्स यानं, १९६४ साली. हा गडी मोटारवाला नव्हेच. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन नौदलात होता, लाटांवर सर्फिंग करायचा आणि फायबरग्लासच्या होड्या बांधायचा. तेव्हा त्यानं गाडीही होडीसारखीच केली: फायबरग्लासचं अखंड कवच, दरवाजे नाहीत, छप्पर नाही. आखूड शेपटाच्या मांजरीवरून तिला नाव दिलं ‘मँक्स’. पहिल्या डझनभर गाड्या फार महाग पडल्या. मग त्यानं सोपी युक्ती काढली. जुनी बीटल घ्यायची, वरची बॉडी काढून टाकायची, खालचा पत्रा मधून फूटभराहून थोडा जास्त कापून पुन्हा वेल्डिंग करायचं आणि वर कवच बसवायचं. घरच्या गॅरेजात जमेल असं काम.

बीटलच का? तिचं इंजिन मागे, आणि ओढ घेणारी चाकंही मागचीच. वजन नेमकं त्याच चाकांवर पडतं, म्हणून ती वाळूत पकड घेतात. इंजिन हवेनं थंड होणारं, त्यामुळे रेडिएटर नाही आणि पाणी उकळण्याची भानगड नाही. बुडाशी सपाट पत्रा, काही अडकत नाही. टायर रुंद घ्यायचे आणि त्यातली हवा थोडी कमी करायची; वजन पसरतं, चाक रुतत नाही. आपल्याकडे कोकणच्या किनाऱ्यांवर भल्या दांडग्या गाड्या चाकं बुडेपर्यंत रुततात आणि भरतीचं पाणी चढू लागलं की ट्रॅक्टरची शोधाशोध सुरू होते. वाळूत ताकदीपेक्षा हलकेपणा उपयोगी पडतो, असं माझं मत आहे.

याचा पुरावा १९६७ साली मिळाला. मेक्सिकोच्या बाहा द्वीपकल्पात ला पाझहून तिहुआनापर्यंत, म्हणजे जवळजवळ हजार मैल, मायर्स आणि टेड मँगल्स यांनी मँक्स ३४ तास ४५ मिनिटांत नेली. तिथला मोटारसायकलींचा विक्रम पाच तासांनी मोडला. त्याच वर्षी तिथे पहिली रीतसर शर्यत झाली, तीही मँक्सनंच जिंकली. पुढच्या वर्षी स्टीव्ह मॅक्वीननं ‘द थॉमस क्राउन अफेअर’ या चित्रपटात असली गाडी समुद्रकाठानं उधळली. मग काय, मागणीला तोटा नव्हता.

मौजेची किंमत टेकड्यांनी मोजली. वाळू धरून ठेवणारी झुडपं चाकांखाली गेली, पक्ष्यांची घरटी चिरडली. १९७२ साली राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी आदेश काढला: सरकारी जमिनीवर अशी वाहनं कुठे न्यायची आणि कुठे नाही, हे आखून द्या.

तोवर मायर्सचा धंदा बसलाच होता. होडीसारखं कवच, एकदा साचा काढला की कुणीही ओतावं. मूळ गाड्यांहून कितीतरी जास्त नकला निघाल्या. पेटंटसाठी तो न्यायालयात गेला आणि हरला. त्यानं पाच-सहा हजार गाड्यांचे संच विकले असतील. १९७१ साली कारखाना बंद पडला. २०१४ साली अमेरिकेच्या ऐतिहासिक वाहनांच्या नोंदवहीत त्याची पहिली लाल गाडी दाखल झाली, तेव्हा तो हयात होता. २०२१ साली, ९४ व्या वर्षी गेला. आजही एखाद्या प्रदर्शनात ‘मँक्स’ म्हणून उभी असलेली गाडी दिसली, तर ती नक्कल असण्याचीच शक्यता जास्त.