टोकियोचा बाजार आणि आपला आंबा
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



टोकियो आणि त्यालगतचे कानागावा, साइतामा व चिबा हे प्रांत मिळून साडेतीन कोटींहून अधिक लोक राहतात. उष्मांकाच्या हिशेबाने जपानला लागणाऱ्या अन्नापैकी जेमतेम ३८ टक्के अन्न देशात पिकते. बाकीचे बाहेरून येते. टोकियोच्या परिसरात ते टोकियो व योकोहामा बंदरांत आणि नारिता विमानतळावर उतरते. केळी मुख्यतः फिलिपाइन्सची असतात.

१९१८ साली तांदळाचे भाव भडकून जपानात दंगली झाल्या. त्यानंतर १९२३ मध्ये घाऊक बाजाराचा कायदा झाला आणि सरकारी देखरेखीखाली उघड लिलाव सुरू झाले. १९८९ मध्ये सुरू झालेला टोकियोचा ओता बाजार फळे, भाजीपाला व फुलांसाठी जपानात सर्वांत मोठा आहे. तेथे आता बराचसा माल लिलावाऐवजी आधी ठरलेल्या भावाने विकला जातो. पेटीवर लिहिलेली प्रत आतही तशीच असेल, हा विश्वास असल्याशिवाय असा व्यवहार चालत नाही.

आता आपले पाहू. फळमाशीच्या भीतीने जपानने १९८६ मध्ये भारतीय आंबा बंद केला. दार उघडायला २००६ साल उजाडले. एवढ्याशा माशीने वीस वर्षे बाजार घालवला! परवानगीची अट अशी, की उष्ण बाष्प प्रक्रियेत फळाच्या गाभ्याचे तापमान ४७.५ अंश सेल्सिअसवर २० मिनिटे ठेवायचे. वाशी येथे राज्य कृषि पणन मंडळाने ही सोय केली. जपानने २००६ पासूनच, ज्या औषधाची वेगळी मर्यादा ठरलेली नाही त्याचा अंश ०.०१ पीपीएमपेक्षा जास्त नसावा, असा नियम केला. म्हणजे १०० टन मालात फक्त १ ग्रॅम!

यंत्र माशी मारील. पण फवारलेले औषध फळातून काढणार नाही. ते काम बागेतच करावयाचे आहे. त्यासाठी :

१) गळलेली, किडकी फळे रोज वेचून खोल पुरावीत.
२) मिथाइल युजेनॉलचे सापळे वेळेवर लावावेत.
३) शिफारस केलेलेच औषध वापरावे व शेवटची फवारणी आणि काढणी यांतील अंतर पाळावे.
४) प्रत्येक फवारणीची तारीख वहीत लिहावी.

प्रत्येकाचा आंबा टोकियोला जाईल असे नाही. विमानभाडे मोठे आहे. परंतु एका बागेतील चुकीने सर्वांची वाट बंद होऊ शकते. म्हणून शेजाऱ्यालाही सोबत घ्या.